उघड्या लाकडाची होडी

खाडीच्या तोंडाशी काजरवेळ नावाचं कोळ्यांचं एक गाव आहे. गावापुढे वाळूची लांब पुळण, पुळणीच्या वरच्या अंगाला उंडीचं एक जुनं झाड आणि त्या झाडाखाली, ज्या काळची ही गोष्ट त्या काळी, झावळ्यांची एक खोप होती. त्या खोपीत महाराज राहत. ते कुठून आले, त्यांचे गुरू कोण, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती. कोणी विचारलंच तर महाराज म्हणत, "तुझं जाळं विणून झालं का? नाही? मग इथे काय करतोस?" शेवटी लोकांनी झाडावरूनच त्यांना उंडीमहाराज हे नाव दिलं आणि विषय संपवला.

संत म्हटला की शांत, हसतमुख, सगळ्यांचं सगळं गोड मानून घेणारा, अशी आपली समजूत असते. भाविकहो, उंडीमहाराज तसे नव्हते. त्यांना वैताग फार लवकर येई. कोणी नमस्काराला वाकून पायांशी उगाच रेंगाळलं तरी ते पाय ओढून घेत. पण घरात कोणी तापाने फणफणलं असलं की न बोलावता दाराशी उभे राहणारेही तेच, आणि दर्यावर गेलेली शेवटची होडी परत येईपर्यंत जेवायला न बसणारेही तेच. गाव त्यांना घाबरे आणि त्यांच्यावाचून गावाचं पानही हलत नसे.

आता काजरवेळची एक खोड सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. पावसाळ्यात होड्या पुळणीवर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवायच्या आणि श्रावणात उघडून रंगवायच्या, ही रीत सगळ्या किनाऱ्यावर आहे. होडीचं बूड वर्षभर खाऱ्या पाण्यात असतं. त्याला शिंपल्या चिकटतात, रंगाला फोड येतात, म्हणून जुना रंग लाकडापर्यंत उतरवावा आणि मग नवा द्यावा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण करणार कोण? श्रावणात पाऊस धड उघडीप देत नाही, नारळी पौर्णिमा डोक्यावर आलेली असते, आणि पौर्णिमेला आपलीच होडी सगळ्यांत झळझळीत दिसावी अशी प्रत्येकाला घाई. मग वरवर शिंपल्या पाडायच्या, चिंधीने पुसल्यासारखं करायचं आणि जुन्या रंगावर नवा रंग फासायचा. दर वर्षी हेच. बुडाला रंग धरून आहे की रंगाला बूड, हे सांगता येऊ नये इतके थर चढले होते.

महाराजांना हे बघवत नसे. त्या वर्षी श्रावण लागला तेव्हा ते काठी टेकत पुळणीवर उतरले आणि गावातल्या सगळ्यांत मोठ्या मचव्यापाशी थांबले. मचवा जोमा नाखव्याचा होता. जोमा म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. आवाज मोठा, मिशा मोठ्या, आणि आपल्याएवढी दर्याची जाण कोणाला नाही हा समज त्याहून मोठा. त्याची माणसं लाल रंगाचा डबा ढवळत होती. महाराजांनी मचव्याच्या बुडावर काठीने दोनदा ठोकलं, कान लावला आणि ते म्हणाले, "नाखवा, रंग उतरव. लाकूड बघ आधी."

जोमा मोठ्यांदा हसला. "बाबा, तुमी जपमाल ओढा. ज्यानं जन्मात वल्हं हातात धरला नाय, तो मना होरी शिकवनार?" माणसंही हसली. नाखवा हसला की हसायचं, हाही कामाचाच भाग होता.

महाराजांनी बुडावरची काठी उचलली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्याच वेळी, नशिबाची थट्टा म्हणा, चांगुणा त्यांच्यासाठी पदराखाली भाकरी घेऊन येत होती. महाराजांनी काठी तिच्याकडे रोखली. "बये, तू उतरव. तुझ्या होडीचा सगळा रंग. लाकूड दिसेपर्यंत."

चांगुणा ही जोमाच्या धाकट्या भावाची, हिरूची, बायको. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मचवा जोमाने ठेवला आणि हिरूच्या वाट्याला बापाची जुनी लहान होडी आली. हिरू गरीब गाय. त्याने मान डोलावली. चांगुणेने मात्र त्या दिवशी मनाशी गाठ बांधली की आपला नवरा पुन्हा कधी थोरल्या भावाच्या मचव्यावर खलाशी म्हणून उभा राहणार नाही. त्या मचव्यावर हिरूला काय काय ऐकून घ्यावं लागे, ते तिने पाहिलं होतं. लहान तर लहान, पण होडी आपली. या होडीवर तिचं घर उभं होतं आणि तिची मानही.

आणि नेमकं त्याच वर्षी खाडीत जाळं झाडताना हिरूला शिंगाळा माशाचा काटा लागला. उजवा हात मनगटापर्यंत भोपळ्यासारखा सुजला. म्हणजे रंग उतरवायचा तो चांगुणेने.

"मी?" ती म्हणाली. "बाबा, मी बाईमानूस. लोक काय बोलतील?"

"लोक बोलतीलच. त्यांना दुसरं काम काय आहे?" महाराज म्हणाले, भाकरी तिच्या हातातून घेतली आणि खोपीकडे चालू लागले.

चांगुणेची महाराजांवर भक्ती होती, त्यात शंका नाही. पण भक्ती असली म्हणजे राग येत नाही असं थोडंच आहे! ती घरी गेली, भांडी आपटली, हिरूला उगाच दोन शब्द सुनावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून पटाशी घेऊन होडीखाली जाऊन बसली.

ज्याने हे काम केलं नाही त्याला त्यातली कटकट समजायची नाही. होडी एका कुशीवर कलती करायची. सुक्या झावळ्यांची मूठ पेटवून तिचा जाळ बुडापाशी धरायचा, म्हणजे जुना रंग आणि डांबर मऊ पडतं, फुगतं. मग गरम आहे तोवर पटाशीने खरवडायचं. जाळ जरा जास्त झाला तर लाकूड करपतं. कमी झाला तर रंग जागचा हलत नाही. सर आली की जाळ विझतो आणि मऊ झालेला रंग पुन्हा दगड होतो. हिरू डाव्या हाताने जाळ धरी, चांगुणा खरवडी. रंगाचा भुगा डोळ्यांत जाई, मानेवर पडे, तिथे खाज सुटे. संध्याकाळी दोघं तोंड धुवायला लागली की पाणी लाल होऊन वाही.

लाल रंग गेला, तर खाली डांबर. डांबर गेलं, तर खाली निळा. ती म्हणाली, "हे बुडाला जाला तरी किती लुगडी नेसवलीत हो?" हिरू जाळाकडे बघत राहिला. खालची बापाने नेसवली होती आणि वरची त्याने स्वतःच.

रोज संध्याकाळी महाराज येत. बुडावरून तळवा फिरवत. चांगुणा आशेने बघत राही. महाराज म्हणत, "अजून आहे."

"कुठं हाय? मना तर कुठं दिसत नाय!"

महाराज एका जागी नख लावत. निळ्या रंगाची करंगळीएवढी ढलपी खाली पडे. ते काठी उचलून निघून जात.

असं रोज. तिने कोपरे घासले, पुढच्या टोकाची नाळ, तिच्याखालची वळणं घासली, कणा घासला. "आता लावू का रंग?" "अजून आहे." मग तिला इतका संताप येई की पटाशी वाळूत भिरकावून द्यावीशी वाटे. एकदा तिने खरंच भिरकावली. थोड्या वेळाने स्वतःच उठून शोधून आणली, कारण दुसरी पटाशी घरात नव्हती.

निळ्याखाली हिरवा निघाला. तो दिसला तसा तिचा हात थांबला. तिच्या लग्नाच्या वर्षी सासऱ्याने होडीला हिरवा रंग दिला होता. नव्या सुनेच्या बांगड्यांसारखा हिरवा. सासरा होडीवर हात ठेवून म्हणाला होता, "दोन लक्ष्म्या आल्या घरात." पुढच्या वर्षी तो वारला. हे तिला इतकं एकदम आठवलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही भुग्यामुळे चुरचुरत.

महाराज आले. "का थांबलीस?"

"हा ठेवतंय बाबा. हा माज्या लग्नाच्या वर्साचा हाय. सासऱ्याच्या हातचा."

"सासरा तुझ्या नवऱ्याच्या नाकात आहे, चालण्यात आहे. तो त्या रंगात कशाला बसेल?" महाराज म्हणाले. आवाजात वैताग होता, पण ते नेहमीसारखे लगेच गेले नाहीत. ती हिरवा रंग खरवडून काढीपर्यंत उंडीच्या एका मुळावर बसून राहिले.

आणि टवाळी? ती तर चालूच होती. सगळ्या होड्या रंगून तयार झाल्या. पुळणीवर लाल, निळ्या, पिवळ्या होड्यांची रांग लागली, आणि मधे ही एक होडी, भाजलेली, खरवडलेली, अंगावर चट्टे पडलेली. जोमा येताजाता थांबे. "चांगुणे, तुजा बाबा न्हावी हाय का? होरीची हजामत चाललीय जनू!" माणसं हसत. थोरल्या दिराला उलट बोलायचं नाही, म्हणून चांगुणा पदर डोक्यावर ओढून जास्त जोराने खरवडत राही. जोमाला ऐकवायचं ते सगळं मग होडीलाच ऐकावं लागे.

शेवटचा थर होता सासऱ्याच्याही आधीचा, माशाचं तेल आणि चुना घोटून लावलेला, पांढरा, चिवट. तो सुटता सुटेना. आणि सुटला तो एकटा सुटला नाही. फळ्यांच्या सांध्यांत ठासून बसवलेला काथ्या आणि कापूस त्याच्याबरोबर लोळ्यालोळ्यांनी बाहेर आला. उद्या पौर्णिमा आणि आज होडीचं बूड चाळणी! पलीकडे बसलेला हिरू तिला सांध्यांतून दिसत होता.

महाराजांनी तळवा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नख लावलं. काही पडलं नाही. खाली सागाची जुनी फळी होती, मधाच्या रंगाची, कुठेही किडीचं भोक नाही.

"झालं," महाराज म्हणाले.

"जाला!" चांगुणा उसळली. "उद्या पुनव हाय बाबा! काथ्या कधी भरनार, तेल कधी पाजनार, रंग कधी लावनार? सगल्या होऱ्या परवा पान्यात जातील आनि आमी इथं वालू मोजत बसू!"

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते काठी टेकत खोपीकडे निघून गेले.

पौर्णिमेला दर्याला नारळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या पाण्यात लोटायच्या होत्या. जोमा मुद्दाम हिरूच्या दाराशी आला. "तुजी होरी तर उघडी नागडी परलीय. चल माज्या मचव्यावर. एक मानूस कमी हाय." मग चांगुणेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "भाऊ म्हनून नेतंय. सुजलेला हात कोन घेतो?"

हिरूने बायकोकडे पाहिलं नाही. तो जोमाच्या मागोमाग गेला. घरात खायला हवं होतं आणि पहिल्या दिवशीची मासळी चुकवून चालत नाही, हे तिलाही कळत होतं. ज्या मचव्यावर नवऱ्याला पुन्हा जाऊ द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, त्याच्याच फळीवर तो चढला, तोही हात गळ्यात बांधून. होडी वेळेत रंगली असती तर हे झालं नसतं. या एका विचाराने ती आतून जळत राहिली. महाराजांची भाकरीही त्या दिवशी गेली नाही.

मचवा गेला वाजतगाजत. लाल रंग असा चमकत होता की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. बाकीच्या होड्या त्याच्या मागोमाग. पुळणीवर उरल्या बायका, म्हातारे, आणि चांगुणेची होडी.

दुपार कलली आणि पश्चिमेकडून वारा उठला. मोठं वादळ नव्हे, श्रावणातला नेहमीचा झोंबरा वारा. तरण्या होड्यांना त्याचं काही नाही. म्हातारा भिवा डोळ्यांवर हात धरून दर्याकडे बघत होता. तो एकाएकी उभा राहिला. कासवी नावाचा खडक खाडीबाहेर आहे, त्याच्या पलीकडे एक मचवा दिसत होता. शीड उतरवलेलं. आणि पाण्यात फार खाली बसलेला.

"जोमाचा मचवा," भिवा म्हणाला. "पानी घेतलाय. मागं फिरला, पन खडकाच्या आत येनार नाय तो."

मचव्यावरून कोणीतरी धोतर हलवत होतं. बाकीच्या होड्या खूप पुढे, नजरेआड गेल्या होत्या. पुळणीवर एकही होडी नव्हती. म्हणजे होती. एकच.

चांगुणा धावली ती होडीकडे नाही, खोपीकडे. महाराज दारात उभेच होते. आजवर ज्या पायांशी ती वाकली होती, त्यांच्यासमोर ती ताठ उभी राहिली आणि तिचा बांध फुटला.

"बगा! बगा तिकडं! माजा नवरा त्या मचव्यावर हाय! तुमच्यामुले गेला तो! रोज अजून हाय, अजून हाय! लोकांनी वरवर रंग मारला, त्यांच्या होऱ्या दर्यात हाईत. मी तुमचा ऐकला, आनि माजी होरी चालनी होऊन परलीय! काय मिलवलं तुमी? मना विधवा करायचा होता का?"

बायका तोंडावर हात घेऊन उभ्या राहिल्या. महाराजांशी असं बोललेलं काजरवेळने कधी ऐकलं नव्हतं. आणि महाराजांचा वैताग? कुठे गेला कोण जाणे! त्यांचे डोळे भरले होते.

"पोरी, होडी लोट," ते म्हणाले.

"कशी लोटू? सांध्यात काथ्या नाय. बोट जातंय आत!"

"लाकूड चांगलं आहे. ते मी बघितलंय. पाण्याची काळजी तू करू नकोस. पाणी माझ्याकडे." ते चालत होडीपाशी गेले. नाळेवर तळवा ठेवला, आणि एवढंच म्हणाले, "जा."

भिवा म्हणाला, "बाबा, बुडेल ही. आनि बाईमानसानं होरीत पाय ठेवायचा नसतो."

महाराज गर्रकन वळले. "खरवडताना चालली ना बाई? मग बसायला काय झालं?" त्यांचा नेहमीचा आवाज परत आला होता, आणि तो ऐकून सगळ्यांनाच थोडा धीर आला.

बायकांनी होडी लोटली. भिवा आणि त्याच्याच वयाचा पोशा वल्ह्यांवर बसले. चांगुणा मधे, पाणी उपसायचं लाकडी भांडं दोन्ही हातांत घट्ट धरून. होडी तरंगली. चांगुणा तळाशी बघत राहिली, आता शिरेल, आता शिरेल. बोटभर रुंद सांध्यांतून तिला खालचं हिरवं पाणी दिसत होतं. ते हलत होतं, फेसाळत होतं, सांध्याच्या काठाला येऊन टेकत होतं. आत येत नव्हतं.

लाट आली. होडी वर गेली, खाली आपटली. भांडं हातात तसंच. एक थेंब नाही. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. इतका वेळ बुडाखाली बसून तिने ज्या फळ्यांना शिव्या घातल्या, त्या फळ्यांवर ती आता मांडी घालून कोरडी बसली होती. "वल्हवा भिवाकाका," ती ओरडली, "माज्याकडं काय बगताय!"

मचव्यापाशी पोचले तेव्हा त्याची एक कड पाण्याला लागली होती. बुडाची एक फळी निखळून गेली होती. पावसाळाभर, आणि कदाचित त्याआधीही कित्येक वर्षं, लाल रंगाखाली किडा लाकूड खात होता. वरून रंग अख्खा, आत भुसा. लाटेचा एक दणका बसला आणि रंगाचा पापुद्रा कापडासारखा फाटला. त्या भोकाशी हिरू बसला होता, छातीपर्यंत पाण्यात, सुजलेल्या हाताने घोंगडी दाबून धरत. चांगुणेला पाहून तो एवढंच म्हणाला, "तू कशाला आलीस?"

"गप बस आनि चढ!"

एकेक करून सगळे होडीत आले. पाच माणसं. शेवटी जोमा. त्याने पाय टेकला, खाली पाहिलं आणि सांध्यांतून दिसणारं पाणी पाहून किंचाळला, "उघडी! ही उघडीच आनलीस! बुडवशील सगल्यांना!" त्याने डोक्याचं फडकं ओढून काढलं आणि एका सांध्यात कोंबायला तो वाकला. बोट सांध्यातून आरपार गेलं. दर्याच्या गार पाण्याला लागलं. त्याने बोट बाहेर काढलं. ओलं होतं. सांधा मात्र कोरडा. त्याने दुसऱ्या सांध्यात बोट घातलं, मग तिसऱ्या. नंतर तो किनारा येईपर्यंत फडकं हातात घेऊन बसून राहिला. मागे त्याचा मचवा खडकापलीकडे शांतपणे खाली गेला.

होडी वाळूला लागली तशा बायका धावल्या. कोणी रडत होतं, कोणी हिरूच्या हाताला फुंकर घालत होतं. चांगुणेने पुळणीवर नजर फिरवली. महाराज कुठे दिसेनात. होडीची वाट बघत दारात उभे राहणारे महाराज आज दारात नव्हते. मघाशी आपण त्यांना काय काय बोललो, ते तिला शब्दन् शब्द आठवलं.

ती खोपीकडे पळाली. मागोमाग सगळे. खोपीभोवतीची वाळू कोरडी ठणठणीत होती. भरतीचं पाणी तिथे उभ्या जन्मात कधी पोचलं नव्हतं. आणि आत, भाविकहो, आत गुडघाभर समुद्र होता! खारं, हिरवं, फेसाचं पाणी. दारापाशी ते अडलं होतं, जसं होडीच्या सांध्यांपाशी अडलं होतं. त्यात एक इवलीशी बोई मासळी इकडून तिकडे फिरत होती. महाराजांचं घोंगडं, पोथी ठेवायची फळी, मडकं, सगळं तरंगत होतं. महाराज खाटेवर पाय वर घेऊन बसले होते, कमरेपर्यंत भिजलेले, दाढीतून पाणी ठिबकत होतं, आणि हातातल्या करवंटीने पाणी उपसून खिडकीबाहेर फेकत होते. उपसताना पुटपुटत होते. ते नामस्मरण होतं की त्रागा, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

"सगळे आले का?" त्यांनी न बघताच विचारलं.

"आले बाबा," चांगुणा म्हणाली. ती त्या पाण्याकडे बघत राहिली. ज्या सांध्यांतून पाणी शिरायला हवं होतं, त्या सांध्यांचं पाणी इथे आलं होतं. पाणी माझ्याकडे, असं त्यांनी सांगितलंच होतं. ते तिला बोलायची पद्धत वाटली होती.

"हिरूचा हात?"

"हाय जाग्यावर."

"मग बघत काय उभे राहिलात? हे माझ्या एकट्याने संपतंय का?"

गर्दीतून जोमा पुढे आला. मिशा ओल्या होऊन खाली लोंबत होत्या. मचवा गेला होता, मोठा आवाज गेला होता. त्याने चांगुणेच्या हातातलं लाकडी भांडं मागून घेतलं. जन्मात त्याने धाकट्या भावाच्या बायकोकडे काही मागितलं नव्हतं. तो खोपीत शिरला, वाकला आणि पाणी उपसायला लागला. कोणी मदतीला पुढे झालं, तर त्याने मान हलवून नको म्हटलं. वाकायचं, भरायचं, दाराबाहेर फेकायचं, पुन्हा वाकायचं. एका खेपेला भांड्यात बोई सापडली, ती त्याने वेगळी करून हिरूच्या हाती दिली, आणि हिरू ती दर्यात सोडून आला. सूर्य पाण्याला टेकला तरी जोमा वाकतच होता. नाखव्याची ती ताठ पाठ इतक्या वेळा खाली गेलेली काजरवेळने कधी पाहिली नव्हती.

शेवटचं पाणी गेलं. खाली सारवलेली ओली जमीन दिसली. जोमा पुन्हा वाकला, पण या वेळी भांडं बाजूला ठेवून. त्याने खाटेपाशी त्या ओल्या जमिनीवर डोकं टेकलं.

"बाबा, मी तुमाला हसलो. भावाला हसलो, हिला हसलो. माजं लाकूड मी कधी बगितलाच नाय." त्याचे खांदे हलत होते. "आता मचवा पन नाय माज्याकडं."

हिरू पुढे झाला. तो म्हणाला, "दादा, बाबाची होरी हाय ना. ती दोगांची हाय." आणि चांगुणा, जिने मनाशी गाठ बांधली होती, तिने काही आक्षेप घेतला नाही. आता हिरूला कोणाच्या मचव्यावर खलाशी म्हणून उभं राहायचं नव्हतं.

नेहमी पायांशी कोणी रेंगाळलं की पाय ओढून घेणारे महाराज त्या दिवशी हलले नाहीत. ते खाटेवरून खाली वाकले. जोमाच्या पाठीवर त्यांनी तळवा ठेवला आणि मानेपासून कमरेपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, जसा ते रोज संध्याकाळी होडीच्या बुडावरून फिरवत. आता ते 'अजून आहे' म्हणतील असं चांगुणेला वाटलं.

महाराजांनी हात काढून घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

"चांगुणे," ते म्हणाले, "झालं. आता काथ्या भर. आणि लाव रंग."

जोमा तसाच वाकलेला राहिला. त्याच्या मागे एकेक करून सगळी काजरवेळ वाकली, आणि त्या दिवशी महाराजांनी कोणालाही 'इथे काय करतोस' असं विचारलं नाही.